शू कव्हर: कुठलं घ्यावं, कसं चढवावं, कसं उतरवावं

शू कव्हर घेण्याआधी एक ठरवा: वाचवायचं काय, बूट की फरशी? दुकानात दोन्ही प्रकार एकाच नावाने मिळतात, पण कामं उलटी आहेत. एक बाहेरचं पाणी बुटात शिरू देत नाही, दुसरं बुटाची घाण खाली पडू देत नाही. एकाच्या जागी दुसरं वापरलं की पैसे वाया जातात.

बूट वाचवणारा प्रकार जुना. इंग्लंडमधल्या बायका चिखलातून जाताना पादत्राणाखाली ‘पॅटन’ बांधत: लाकडी तळ आणि त्याखाली लोखंडी कडं. त्याचा खडखडाट इतका व्हायचा की आत येण्याआधी पॅटन काढून ठेवा, अशा पाट्या चर्चमध्ये लागत. १८२०च्या दशकात ब्राझीलमध्ये रबराच्या चिकापासून बनवलेले ओव्हरशूज अमेरिकेत बोस्टनला येऊ लागले. ते उन्हाळ्यात चिकट होत आणि थंडीत कडक होऊन तडकत. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये रबरात गंधक घालून ते तापवलं आणि हा दोष गेला. पेटंट १८४४ मध्ये मिळालं. बुटावर चढवायचे टिकाऊ रबरी गॅलॉश त्यानंतरच घरोघरी पोचले.

आता आपल्या पावसाकडे. दुचाकीसाठी दोन पर्याय आहेत: सिलिकॉनचं ताणून चढवायचं, किंवा पीव्हीसीचं चेनवालं. मोटारसायकलवर दोन्ही पायांचं कव्हर वेगवेगळ्या कारणाने जातं. डावं गिअरच्या दांड्याला घासून अंगठ्यापाशी फाटतं. उजवं सायलेन्सरला टेकलं तर पीव्हीसी वितळून चिकटतं; सिलिकॉन उष्णता बरीच सोसतं. म्हणून रोज बाइक चालवणाऱ्याने डाव्या टोकावर जाड थर आहे का ते चाचपून घ्यावं. स्कूटरवाल्याला यातलं काहीच लागू नाही, त्याला साधं कव्हर चालतं.

माप घेताना बुटाचा नंबर सांगून भागत नाही. स्पोर्ट्स शूचा तळ बाहेर पसरलेला असतो, त्यामुळे टाच ते टोक बाहेरून मोजा, रुंदीही मोजा. सिलिकॉनचं माप लहान पडलं की टाचेवर ताण येऊन तिथेच चीर पडते. चढवताना वरची कड बाहेर दुमडा, आधी पुढचा भाग घाला, मग टाच ओढा. नखांनी खेचू नका, तळव्याने सरकवा. पीव्हीसीत पाणी बहुधा चेनमधून आणि शिवणीतून शिरतं. चेनमागे आतून पडदा नसेल तर ते कव्हर घेऊच नका.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे रेनकोटची पँट कव्हरच्या आत खोचणं. पँटवरून ओघळणारं पाणी थेट बुटात जातं आणि कव्हर ते बाहेर पडू देत नाही. पँट नेहमी कव्हरच्या बाहेर, किमान चार बोटं खाली यायला हवी. कव्हर नसेल तर पिशवी बुटावर बांधू नका; गुळगुळीत प्लॅस्टिक फूटरेस्टवरून सटकतं. मोज्यावर पिशवी, मग बूट. बूट भिजतो, पाय कोरडा राहतो.

ही कव्हरं चालण्यासाठी नाहीत. काँक्रीटवर रोज थोडं चाललं तरी टाचेखालचा पातळ तळ झिजतो. तुंबलेल्या पाण्यात तर ती निरुपयोगीच, वरून पाणी आत येतं. तिथे आणि भाताच्या चिखलात गमबूटच हवा, कारण प्रश्न बुटाचा उरत नाही, लेप्टोचा, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या रोगाचा असतो. घरी आल्यावर कव्हर साध्या पाण्याने धुवा, उलटं करून सावलीत वाळवा. पीव्हीसी घडी घालून दाबून ठेवलं की घडीवरच तडकतं.

फरशीसाठीचं निळं कव्हर म्हणजे न विणलेलं पॉलीप्रॉपिलिन. धूळ अडवतं, ओल अडवत नाही. ओल्या फरशीसाठी प्लॅस्टिकचं, म्हणजे सीपीईचं घ्या, पण ते टाइल्सवर घसरतं. जिना चढण्याआधी काढा. ताजमहालच्या मुख्य वास्तूत जाताना अनवाणी किंवा असंच कव्हर घालून जावं लागतं. चिखलाच्या बुटावर चढवण्याआधी तळ पुसा, नाहीतर खडे कापड भोसकून फरशीच ओरखडतात.

औषध कारखान्यात कव्हर बाकावर बसून घालतात: एका पायाला चढवा, तो पाय बाकापलीकडे स्वच्छ बाजूला टेकवा, मग दुसरा. कव्हर घातलेला पाय पुन्हा अलीकडे टेकला तर सगळी मेहनत फुकट. इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यातल्या कव्हरला काळी पट्टी असते. ती मोज्याच्या आत, घोट्याला टेकेल अशी खोचा. बाहेर लोंबत राहिली तर अंगावरची स्थिर वीज जमिनीत उतरत नाही.

ऑपरेशन थिएटरबद्दल गैरसमज बरेच आहेत. जखमेतला संसर्ग टाळण्यासाठी शू कव्हर घालू नये, असं अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने १९९९च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं होतं. रक्त वा इतर द्राव सांडण्याची शक्यता असेल तेव्हा मात्र घालणाऱ्याच्या बचावासाठी ते हवंच. उतरवताना बसा, हातमोजे घातलेलेच असू द्या, टाचेकडून बाहेरून धरून उलटं गुंडाळत काढा आणि थेट झाकणाच्या डब्यात टाका. मग हातमोजे काढून हात धुवा. उभ्याने एका पायावर तोल सांभाळत काढायला गेलं की हात भिंतीला लागतो, आणि भिंतही मळते.