चिनी शिकताय? आधी आवाजातला प्रश्न काढा

ॲप उतरवलंत, वही आणलीत, असं धरून चालते. चिनी म्हणजे इथे मँडरिन, जिला तिकडे ‘फुथोंगह्वा’ म्हणतात.

१. उच्चार देवनागरीत लिहा. चीनने १९५८ साली स्वीकारलेली पिनयिन, म्हणजे चिनी उच्चार लिहायची पद्धत, रोमन लिपीत असते आणि आपण ती इंग्रजीसारखी वाचतो, तिथेच घात होतो. रोमन बी दिसला की प म्हणा, पी दिसला की फ (फळातला, ऑफिसातला नव्हे). डी म्हणजे त, टी म्हणजे थ, जी म्हणजे क, के म्हणजे ख. म्हणून पेइचिंग, बीजिंग नाही. ‘चाक’ आणि ‘चंद्र’ यांतले दोन वेगळे च तिथेही आहेत. इंग्रजीवाल्यांना हे पाठ करावं लागतं, आपलं बालवाडीतच झालेलं असतं.

२. सूर. चिनीत सूर बदलला की शब्दाचा अर्थच बदलतो. गाडी अडते ती इथे. ‘संदर्भाने कळतं, सुरांचं टेन्शन घेऊ नका’ असं सांगणारा गुरू भेटला तर त्याचा क्लास सोडा.

मी हे ऐकून चीनमधल्या ईवू शहरात गेले होते, इमिटेशन दागिन्यांचा माल बघायला. जानेवारीची थंडी, दिवसभर बाजारात पायपीट. रात्री एका छोट्या खाणावळीत ‘थांग’ मागितलं, म्हणजे सूप. मुलीने साखरेची वाटी आणून ठेवली. मी आणखी नम्रपणे विचारलं, ‘थांग?’ तिने दुसरी वाटी आणली. मी जितकी नम्र होत गेले तितकी साखर वाढत गेली.

कारण पुढे कळलं. उंच, सपाट, पहिल्या सुरातलं थांग म्हणजे सूप. खालून वर चढणारं, दुसऱ्या सुरातलं थांग म्हणजे साखर. आणि खात्री नसली की आपला आवाज शेवटी वर जातो. मी दर वेळी बिचकत विचारत होते, म्हणजे दर वेळी साखरच मागत होते.

म्हणून आवाजातला प्रश्न आधी काढून टाका. प्रश्नासाठी तिथे ‘मा’ आहे, आपल्या ‘का’सारखा, वाक्याच्या शेवटी. ‘नी छ ल मा?’ म्हणजे ‘जेवलास का?’ आणि आपल्यासारखाच तो नुसता विचारपूस करण्याचा प्रश्न. काय जेवलात याची यादी द्यायची नसते. ‘मा’वर विश्वास ठेवा, आवाज चढवू नका.

चार सूर मी असे धरले: पहिला, वरचा सा लावून धरल्यासारखा. दुसरा, आश्चर्याने विचारलेलं ‘काय?’ तिसरा, मनात नसताना म्हटलेलं खालच्या आवाजातलं ‘बरं’. चौथा, पोराला दटावताना ‘बस!’ पुस्तकात तिसरा सूर खाली जाऊन वर येताना काढतात. त्या चित्राच्या नादी लागून माझे दोन महिने गेले. बोलताना तो बहुतेक वेळा नुसता खालीच राहतो. आणि दोन तिसरे सूर लागून आले की पहिला चढतो: ‘नी हाओ’मधला ‘नी’ म्हणूनच वर जातो. सुटे सूर घोकू नका, जोड्या घोका. फोनवर रेकॉर्ड करा आणि मूळ आवाजाशेजारी ठेवून ऐका. लाज वाटेल, वाटू दे.

रीतिरिवाजही इथूनच उलगडतात. ‘चार’ आणि ‘मरणे’ दोन्ही ‘स’च, फक्त सूर वेगळा, तरीही मन चरकतं, म्हणून कितीतरी लिफ्टमध्ये ४ चं बटण नसतं. ‘घड्याळ भेट देणं’ हे तर सुरासकट ‘अखेरचा निरोप देणं’सारखं ऐकू येतं. मी एका कारखानदारासाठी गणपतीचं चित्र असलेलं घड्याळ बांधून घेतलं होतं. दुभाष्याने ऐन वेळी थांबवलं. उलट मासा ‘यू’ आणि शिल्लक ‘यू’ अगदी एक, म्हणून नववर्षाच्या जेवणात मासा हवाच.

३. व्याकरण: तो-ती-ते नाही, क्रियापद बदलत नाही. पुढे चला.

४. आकडे: अकरा म्हणजे ‘दहा-एक’. एकोणसाठ-एकोणसत्तर पाठ केलेल्यांना एक दुपार पुरे.

५. हाका. दुकानदार ‘लाओपान’, टॅक्सीवाला ‘शफु’, वयाने मोठी बाई ‘आयी’. आयी म्हणजे मावशी, आई नव्हे. ‘श्ये-श्ये’ बाहेर म्हणा. घरच्यांत सारखं म्हणाल तर आईला ‘आभारी आहे’ म्हटल्यासारखं परकं वाटतं. स्वतःसाठी चिनी नावही घ्या. १९३८ साली वैद्यकीय पथकातून गेलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस तिथे ‘ख तीह्वा’ झाले. ‘को’चं ‘ख’, आणि ‘ह्वा’ म्हणजे चीन.

६. लिपी सगळी नको, आधी मेनूकार्डापुरती. सूपच्या अक्षरात डावीकडे पाण्याचे तीन फटकारे असतात, साखरेच्या अक्षरात डावीकडे तांदूळ. एवढं ओळखता आलं की सूर फसला तरी कार्डावर बोट ठेवता येतं. मी अजूनही थंडीत, दमलेली असले की बोटच ठेवते.