जीटीए आरपी खेळताय? या चुका टाळा, नाहीतर समोरच्याचा सीन मरतो

फाईव्हएमवर (जीटीए ५ चे वेगळे सर्व्हर चालवणारा मोड) आरपीला, म्हणजे एक कॅरेक्टर बनून त्याच्यासारखं वागायच्या रोलप्लेला, येणारी बरीच पोरं आधी जीटीए ऑनलाइन खेळलेली असतात, तिथे समोरच्याला उडवला की काम झालं, त्यामुळे इथे आल्यावर पण डोक्यात तेच. आणि हॅक न लावता पण चीटिंग होते हे बॅन बसल्यावर कळतं.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे मेटागेमिंग. तुम्हाला माहितीये पण तुमच्या कॅरेक्टरला माहिती नाही, अशी गोष्ट वापरणं. माझ्यासोबत झालेलं सांगतो. आम्ही तिघांनी गेममधल्या पॅलेटो बेची बँक लुटायचं प्लॅनिंग चार दिवस केलं, मास्क, चोरीची गाडी, सँडी शोअर्सला गाडी बदलायची, सगळं ठरलेलं. बँक झाली, गाडी बदलली, आणि एक पोलीसवाला सरळ आमच्या गॅरेजसमोर येऊन उभा, वाटेत कुणाला विचारलं नाही, मागे हेलिकॉप्टर नाही, काही नाही. आमच्यातला एकजण लाइव्ह होता आणि त्या पोलीसवाल्याने ती स्ट्रीम उघडी ठेवली होती. पकडलो गेलो याचं काही नाही हो, पण गाडी शोधणं, साक्षीदार, चौकशी हे सगळं जे व्हायला पाहिजे होतं ते झालंच नाही, त्याचा स्वतःचा पण सीन गेला.

म्हणून काहीही करायच्या आधी एकच विचारा, हे माझ्या कॅरेक्टरला कुठून कळलं? गेममधलं उत्तर नसेल तर सोडून द्या. डिस्कॉर्ड कॉलवर मित्र असेल तर सीन चालू असताना कॉल कट करा, म्यूट नाही, कट, कारण ऐकू आलेलं विसरता येत नाही. स्ट्रीम करत असाल तर ओबीएस या स्ट्रीमिंग सॉफ्टवेअरच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये स्ट्रीम डिले आहे (बघणाऱ्यांना स्ट्रीम उशिरा दिसते), तो लावा. आणि बाहेरचा मित्र गेममध्ये पहिल्यांदा भेटला की लगेच नावाने हाक मारू नका राव, आधी ओळख तरी होऊ द्या. चुकून काही कळलंच तर त्या धाग्याच्या मागे दुसऱ्याला जाऊ द्या, पण त्याला काही सांगू नका.

दुसरी चूक पॉवरगेमिंग, म्हणजे समोरच्यावर आपलंच लादणं. स्लॅश मी (/me, कॅरेक्टर काय करतंय ते लिहायची चॅट कमांड) लावून "त्याचे हात बांधून डिकीत टाकतो" असं लिहिलं म्हणजे समोरच्याला काही चान्सच ठेवला नाही. "हात बांधायचा प्रयत्न करतो" लिहा आणि स्लॅश डूने (/do, समोर काय घडतंय ते विचारायची-सांगायची कमांड) विचारा, सुटायला जमतंय का. चांगले मेडिक बघा कसे खेळतात, जखमीजवळ बसून आधी विचारतात "नाडी लागतेय का?" आणि उत्तर जखमी झालेला प्लेअर देतो, मग पुढची ट्रीटमेंट. तो पडलेला माणूस पण खेळतोय ना तुमच्यासोबत.

बिनकारण मारणं, गाडी अंगावर घालणं हे तर सांगायलाच नको. मरून हॉस्पिटलमध्ये रिस्पॉन (परत जिवंत) झालात की मारणारा कोण हे विसरायचं असतं, नेमका नियम प्रत्येक सर्व्हरचा वेगळा असतो तो वाचून घ्या. झाडं-गवत गायब करणारे किंवा रात्र उजेडासारखी करणारे ग्राफिक्स पॅक पण टाकायच्या आधी विचारा, "सगळेच वापरतात" हे कारण नाही, अंधारात लपलेल्या पोराने तुमच्यावर विश्वास ठेवलेला असतो.

आता सीनच्या मध्येच लाईट गेली किंवा गेम क्रॅश झाला तर? बरेच जण घाबरून परत येतच नाहीत आणि मग ते कॉम्बॅट लॉगिंग, म्हणजे सीनमधून वाचायला मुद्दाम गेम सोडणं, धरलं जातं. लगेच परत या, त्याच जागी जा, एररचा स्क्रीनशॉट टिकिटात (सर्व्हरच्या ॲडमिनना पाठवायच्या अर्जात) टाका, समोरच्यांना विचारा कुठून चालू करायचं.

आणि दुसरा कोणी तुमच्याशी असं खेळला तर तिथेच कॅरेक्टर सोडून भांडू नका. सीन पूर्ण करा, ग्राफिक्स कार्डच्या सॉफ्टवेअरमधलं इन्स्टंट रिप्ले चालूच ठेवत जा म्हणजे मागची काही मिनिटं सेव्ह करता येतात, मग टाइम आणि त्या प्लेअरचा आयडी लिहून क्लिपसकट टिकिट टाका. क्लिप कापून टाकू नका, तुमची बाजू वाईट दिसत असली तरी आख्खी टाका.