वीस ई-रिक्षांचं सामाईक चार्जिंग: आधी वीज, मग गाड्या

रिक्षा संघटना, नगरपरिषद आणि पतसंस्था एकत्र आल्या की काम निम्मं सोपं होतं: जागा नगरपरिषदेची, कर्ज पतसंस्थेचं, गाड्या सभासदांच्या. घोळ होतो तो क्रमात. गाड्यांचं बुकिंग आधी होतं आणि जोडणीचा अर्ज मागाहून. म्हणून पहिली फेरी शोरूमला नको, महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात मारा.

जागेजवळची लाइन गावठाण फीडरची आहे की शेतीपंपांची, एवढंच आधी विचारा. शेतीच्या फीडरवर थ्री फेज ठरावीक तासच मिळतो, त्यावर रात्रीचं चार्जिंग बसत नाही. ट्रान्सफॉर्मरवर वाढीव भाराला जागा शिल्लक आहे का तेही तिथेच कळतं. चार्जिंग स्टेशनसाठी वेगळा वीजदर आहे, त्यामुळे अर्ज त्याच वर्गात करा. केंद्राच्या २०१८ च्या खुलाशानुसार चार्जिंग ही सेवा आहे, त्यासाठी वीजविक्रीचा परवाना लागत नाही.

आता हिशेब. तीनचाकी प्रवासी रिक्षा एका युनिटला साधारण १२ ते १५ किमी जाते. रोजचे ९० किमी धरले, चार्जिंगमधली गळती धरली, तर मीटरवर सुमारे ८ युनिट येतात. वीस गाड्यांचे १६०. गाडीचा चार्जर ३ किलोवॉटचा असेल तर तीन तासांत काम होतं. पण वीसही गाड्या एकदम लावल्या की ६० किलोवॉट लागतात, आणि मंजूर भार वाढला की दरमहाचा मागणी आकारही (युनिटांखेरीज त्या भारावर लागणारी रक्कम) वाढतो. त्यापेक्षा दहा-दहाचे दोन गट करा: रात्री १० ते २ आणि २ ते ६, टायमर आणि कॉन्टॅक्टर (टायमरच्या इशाऱ्यावर गटाची वीज चालू-बंद करणारा स्विच) लावून. मध्यरात्री उठून प्लग बदलायला कोणी येत नाही, ही गोष्ट गृहीतच धरा. मग ३५ किलोवॉटची जोडणी पुरते.

वायरमन इथे हमखास चुकतो. वीस पॉइंट तीन फेजवर ७-७-६ असे वाटले तरी एकाच वेळी चालू असलेल्या दहांतले सात एका फेजवर आले, तर त्या फेजवर ९० अँपियरपेक्षा जास्त जातात, मेन ट्रिप होतं आणि सकाळी निम्म्या गाड्या रिकाम्या. प्रत्येक गट स्वतंत्रपणे ४-३-३ असा वाटायला सांगा; मग कमाल ५२ अँपियर राहतात. घरगुती १६ अँपियरचा सॉकेट रोज तीन तास १३ अँपियर ओढून काळा पडतो. इंडस्ट्रियल सॉकेटच घ्या. प्रत्येक पॉइंटला ४ चौरस मिमी तांब्याची वायर, २० अँपियरचा एमसीबी आणि ३० मिलिअँपियरचा गळतीरोधक स्विच. अर्थिंगचे किमान दोन खड्डे स्वतंत्र असावेत. एक्स्टेन्शन बोर्डला साफ बंदी.

भागीदारी मोडते ती बिलावरून. एखादा सभासद महिनाभर घरीच चार्ज करतो आणि ‘मी वापरलंच नाही’ म्हणतो, पण मागणी आकार तर लागलेलाच असतो. म्हणून करारात दोन ओळी हव्यातच: मागणी आकार सगळ्यांत समान, वापर असो वा नसो, युनिटचे पैसे प्रत्येक पॉइंटच्या सबमीटरप्रमाणे. मुख्य मीटर आणि सबमीटरची बेरीज यांत थोडा फरक येतोच, तोही युनिटच्या प्रमाणात वाटा. मीटर रिक्षा संघटनेच्या नावावर घ्या, अध्यक्षाच्या नव्हे. जागेचा ठराव नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्या आणि जागेची मुदत कर्जाच्या हप्त्यांच्या मुदतीपेक्षा कमी ठेवू नका.

वीस गाड्या एकत्र घेताना विक्रेत्याशी किमतीवर घासाघीस कराच, पण खरा जोर सुट्या भागांवर लावा: एक जादा चार्जर, एक कंट्रोलर तालुक्यातच ठेवायचा आणि बॅटरीची वॉरंटी गाडी विकली तरी नव्या मालकाला मिळायची, हे लेखी घ्या. बॅटरीवरच्या वाहतूक वाहनांना १८ ऑक्टोबर २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने परमिटमधून सूट आहे. फिटनेस, विमा आणि हिरवी नंबरपाटी मात्र लागतेच. सबमीटरचं वाचन महावितरणच्या रीडिंगच्या दिवशीच घ्या, नाहीतर दर महिन्याला आकडे जुळणार नाहीत.