कराटे क्लासचा लोगो: आधी ८ सेंमीत छापून पाहा

लोगो संगणकाच्या पडद्यावर पाहून पसंत करू नका. ८ सेंमी रुंदीत कागदावर छापा आणि दोन मीटरवरून बघा. गणवेशाच्या डाव्या छातीवर तो साधारण एवढाच येणार. वाघ, ड्रॅगन, मूठ, उगवता सूर्य असं सगळं कोंबलं तर तिथे नुसता धाग्यांचा गोळा दिसतो. एकच चित्र घ्या. रंग दोन, फार तर तीन.

खरी गोची देवनागरीची. भरतकामात ५-६ मिमी उंचीची रोमन अक्षरं चालून जातात, पण मराठीत वेलांटी, मात्रा, रफार शिरोरेषेला चिकटतात आणि ‘श्री’चा ठिपका होतो. मात्रेसकट उंची किमान १० मिमी ठेवा, रेघ १ मिमीहून बारीक नको. गोलाकार मांडणीत शिरोरेषा तुटते, म्हणून नाव सरळ ओळीतच बरं.

डिझायनरकडून व्हेक्टर फाइलच (लहान-मोठी केली तरी कडा धूसर न होणारी) घ्या, तीही अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकृत्यांत, बदलून. नाहीतर फ्लेक्सवाल्याकडे तो फॉन्ट नसला की नावाच्या जागी भलतंच काहीतरी उमटतं. लाल धागा पांढऱ्या कापडावर रंग सोडतो का, ते एक नमुना धुऊन तपासा. एकरंगी काळी आवृत्तीही मागून ठेवा. पावतीपुस्तकाला आणि रबरी शिक्क्याला तीच लागते.