सोलरच्या गरम पाण्याच्या लाइनीवर नायट्राइल रबर कसं चढवायचं

सोलरच्या टाकीत पाणी रात्रभर गरम राहतं, कारण तिच्या दोन पत्र्यांमध्ये साधारण 50 मिमी पफ (उष्णता अडवणारा फोम) भरलेला असतो. टाकीपासून बाथरूमपर्यंतची लाइन मात्र बऱ्याच घरांत उघडीच असते. पाऊण इंची सीपीव्हीसीत (गरम पाण्याच्या प्लास्टिक पाइपात) मीटरमागे सुमारे पाव लिटर पाणी मावतं, म्हणजे 20 मीटरच्या लाइनीत 5 लिटर. बाहेर 20 अंश असताना उघड्या पाइपातलं पाणी 60 वरून 40 अंशांवर यायला वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. वारा असेल तर त्याहून कमी. वरून 13 मिमी जाडीचं नायट्राइल रबर (पाइपावर चढवायची फोमसारखी नळी) असेल तर तासभर लागतो. 19 मिमीने आणखी दहा-बारा मिनिटं मिळतात, एवढंच. म्हणून 13 पुरे. पहाटेची पहिली बादली मात्र कुठलंच आवरण वाचवत नाही. रात्रभर लाइनीत थांबलेलं पाणी गार होणारच. फायदा होतो तो पाठोपाठच्या आंघोळींना.

पांढरा ईपीई (पॉलिथिनचा) फोम स्वस्त पडतो, पण उघड्यावर उन्हाने त्याचा भुगा होतो. ग्लासवूल (काचतंतूंचा कापूस) पावसात भिजलं की उपयोग संपला. नायट्राइलची छिद्रं बंद असल्यामुळे ते पाणी शोषत नाही आणि 105 अंशांपर्यंत टिकतं.

नळी घेताना पाइपचा बाहेरचा व्यास मोजा. पाऊण इंची सीपीव्हीसीला 22 मिमी आतल्या व्यासाची नळी बसते, पाऊण इंची जीआयला (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपाला) 28 ची. नळ्या 2 मीटरच्या असतील तर 20 मीटरला 11 घ्या. एल्बोंच्या (वळणावरच्या जोडांच्या) कापाकापीत एक जातेच.

आधी गळती तपासा. पाइप गार आणि कोरडा हवा. जीआयचा गंज घासून रेड ऑक्साइड मारा. जुन्या लाइनीसाठी नळीला धारदार सुरीने एकच सरळ चीर द्या आणि आडव्या पाइपावर ती खालच्या बाजूला ठेवा. चिरेच्या दोन्ही कडांना रबरचा चिकटा पातळ लावा, बोटाला लागेनासा झाला की दाबा: आधी दोन्ही टोकं, मग मधला भाग. हा चिकटा सीपीव्हीसीला लागू देऊ नका, त्यातल्या द्रावकाने पाइप तडकू शकतो. आवरण आणि चिकटा सीपीव्हीसीला चालतो का, हे पाइप कंपनीच्या यादीत पाहूनच खरेदी करा.

नळी ताणून बसवू नका. बहुतेक कामं इथेच बिघडतात: रबर आकसतं, सांधे उघडतात, पावसाचं पाणी आत शिरतं आणि जीआय आवरणाखाली गंजतो. उलट प्रत्येक तुकडा सेंटीमीटरभर जास्त ठेवून दाबून बसवा. एल्बोला 45 अंशांत कापलेले दोन तुकडे जोडा. क्लॅम्प आवळून रबर चेपलं की तिथली जाडी गेली. मोठा क्लॅम्प घ्या आणि खाली पत्र्याची पट्टी ठेवा. गरम पाणी 24 तासांनंतरच सोडा.

नायट्राइलचा वैरी म्हणजे ऊन. उघडं ठेवलं तर तडे जातात, म्हणून गच्चीवरच्या भागावर ॲल्युमिनियमचा पत्रा हवा, त्याचाही जोड खालच्या बाजूला. नवीन लाइन असेल तर पाइप आवरणासकट 63 मिमीच्या पीव्हीसी पाइपातून ओवता येतो. मात्र पाणी निघून जायला खालून भोकं पाडा.

टाकीच्या व्हेंट पाइपचं (हवा ये-जा करण्याच्या पाइपाचं) तोंड झाकू नका. ते बंद झालं तर पाणी उपसताना आत निर्वात पोकळी होऊन टाकी चेपते. विजेच्या गीझरला आत पफ असतोच, त्यावर वरून काही गुंडाळू नका. गॅस गीझरच्या बाबतीत तर विचारही नको.