‘रीअब्सॉर्ब’ कधी आणि कसं वापरावं?

इंग्रजी मजकुरात ‘रीअब्सॉर्ब’ आलं की आपण डोळे मिटून ‘पुन्हा शोषून घेणे’ असं लिहून मोकळे होतो. मूत्रपिंडाबद्दलच्या परिच्छेदात ते खपून जातं. पण तेच क्रियापद कामावरून कमी केलेल्या माणसांबद्दल आलं आणि आपण ‘कामगारांचं पुनर्शोषण झालं’ असं लिहिलं, तर अर्थ पार उलटा होतो. त्यांना परत कामावर घेतलंय, आणि आपण त्यांची दुसऱ्यांदा पिळवणूक करून टाकली!

हा शब्द वाचताना, वापरताना किंवा मराठीत आणताना मी ज्या क्रमाने विचार करतो, तो क्रम असा.

आधी ‘री’ला जाब विचारा

या ‘री’चा अर्थ नुसता ‘दुसऱ्यांदा’ असा नाही. ‘जिथून निघालं तिथे माघारी’ हा अर्थ त्यात जास्त आहे. स्पंज पिळला, पाणी ताटलीत पडलं आणि स्पंजाने तेच पाणी परत ओढून घेतलं, तर ते रीअब्सॉर्ब. त्याच स्पंजाने नंतर ओट्यावर सांडलेलं दुसरं पाणी टिपलं, तर ते साधं अब्सॉर्ब. फार तर जोडीला ‘अगेन’ लावा. म्हणून पहिला प्रश्न हा: ही वस्तू आधी इथलीच होती का? उत्तर ‘नाही’ असेल तर शब्द चुकलाय.

काळानिळा पडलेला मुका मार या कसोटीला बरोबर उतरतो. रक्त वाहिनीतून बाहेर येऊन कातडीखाली साचतं. शरीर ते हळूहळू मोडून परत घेतं, तसा डाग निळ्याचा हिरवा आणि हिरव्याचा पिवळा होत जातो. हिरवा रंग बिलिव्हर्डिनचा, पिवळा बिलिरुबिनचा. ही दोन्ही द्रव्यं रक्तातलं हिमोग्लोबिन मोडताना तयार होतात. इंग्रजीत इथे ‘द ब्लड इज रीअब्सॉर्ब्ड’ म्हणतात. मराठीत मात्र ‘रक्त जिरलं’ एवढंच म्हणा. ‘जिरणं’ इतकं नेमकं क्रियापद हाताशी असताना ‘पुनर्शोषण’ कशाला?

मग कोण, काय, कुठून, कुठे हे शोधा

या क्रियापदाची सगळी गंमत त्याला जोडून येणाऱ्या शब्दयोगी अव्ययांत आहे, आणि ती शिकायला मूत्रपिंडासारखी दुसरी जागा नाही. निरोगी प्रौढ माणसाची मूत्रपिंडं दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव रक्तातून गाळतात. लघवी होते साधारण दीड लिटर. उरलेलं जवळजवळ सगळं, म्हणजे 99 टक्क्यांच्या आसपास, परत रक्तात जातं. हे परत जाणं म्हणजेच रीअब्सॉर्ब्शन. त्याचं वाक्य इंग्रजीत असं बसतं: गाळलेल्या द्रवातून, इथे ‘फ्रॉम’, रक्तामध्ये, इथे ‘इंटू’, मूत्रपिंडातल्या बारीक नलिकेच्या पेशींकडून, इथे ‘बाय’, आणि हे सगळं नलिकेच्या अमुक भागात घडतं, इथे ‘इन’.

‘इन’ आणि ‘इंटू’ची गल्लत फार होते, कारण मराठीत दोन्हीला ‘त’ हा एकच प्रत्यय पुरतो. ‘नलिकेत शोषलं जातं’ आणि ‘रक्तात शोषलं जातं’ ही दोन वाक्यं आपल्या कानाला सारखीच लागतात. पहिल्यात ठिकाण आहे, दुसऱ्यात मुक्काम. ग्लुकोजचंच बघा. ते नलिकेच्या सुरुवातीच्या भागात जवळपास सगळं परत घेतलं जातं. रक्तातली साखर डेसिलिटरला साधारण 180 मिलिग्रॅमच्या वर गेली की ही यंत्रणा कमी पडू लागते आणि साखर लघवीत उतरते.

आणखी एक ‘इन’ आहे, तो वेगळाच. पुस्तकात गढलेल्या बाईला कोणी हाक मारली, तिने उत्तर दिलं आणि ती पुन्हा पुस्तकात बुडाली, तर इंग्रजी लेखक तिलाही ‘रीअब्सॉर्ब्ड इन हर बुक’ म्हणतो. पण धडा दुसऱ्यांदा वाचून डोक्यात बसवला, याला मात्र हा शब्द लावू नका, विचित्र वाटतं.

माणसं, कंपन्या, देश

इथे मराठीत ‘सामावून घेणे’ किंवा ‘विलीन करणे’. गूगलने 2014 मध्ये घेतलेली नेस्ट ही कंपनी 2015 मध्ये अल्फाबेट या गूगलच्या पालक कंपनीखाली वेगळी झाली आणि 2018 मध्ये पुन्हा गूगलमध्ये आली. रीअब्सॉर्बला इथे चोख जागा आहे.

देशांच्या बाबतीत सावध राहा. पूर्वी रशियाच्या झारच्या साम्राज्यात असलेला जॉर्जिया 1918 मध्ये स्वतंत्र झाला आणि 1921 मध्ये रशियातल्या कम्युनिस्टांची, म्हणजे बोल्शेविकांची, रेड आर्मी त्यात घुसली. याला कोणी ‘रीअब्सॉर्ब्ड’ म्हटलं, तर त्याने दोन गोष्टी गुपचूप सरकवल्या: झारचं साम्राज्य आणि बोल्शेविक सत्ता एकच धरली, आणि सैन्याचं नावच वाक्यातून पुसलं. पाणी जमिनीत मुरावं तसा देश मुरला! अशा वेळी मराठीत सरळ ‘ताब्यात घेतला’ लिहावं, असं माझं मत आहे.

शेजाऱ्यांशी गल्लत टाळा

हाड झिजवून त्यातलं कॅल्शियम परत घेणं किंवा दुधाच्या दाताचं मूळ विरघळणं, याला शास्त्रीय लेखनात ‘रिसॉर्ब’ म्हणतात. मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन पेशीत परत ओढलं जातं, त्याचा नेमका शब्द ‘रीअपटेक’. सोप्या लेखात तिथे रीअब्सॉर्ब चालून जातं, प्रबंधात नाही. आपोआप विरघळणारे टाके ‘अब्सॉर्बेबल’. ते शरीरातून निघालेलेच नसतात, तेव्हा ‘री’ येणार कुठून? भौतिकशास्त्रात मात्र बिनधास्त वापरा: दाट रंगद्रावणात एका रेणूने सोडलेला प्रकाश शेजारचा तसाच रेणू गिळतो, ते रीअब्सॉर्ब्शन.

शेवटी स्पेलिंग

क्रियापदात ‘बी’ आहे, पण नाम करताना त्याचा ‘पी’ होतो. वर मी उच्चाराच्या सवयीने ‘रीअब्सॉर्ब्शन’ लिहिलं खरं, पण इंग्रजी अक्षरांत ते ‘रीअब्सॉर्प्शन’ असंच लिहावं लागतं. डिस्क्राइबचं डिस्क्रिप्शन, सबस्क्राइबचं सबस्क्रिप्शन, तसंच हे. पुढे कठोर ‘त’ आला की ‘ब’चा ‘प’ होतो, ही लॅटिनमधली खोड. आपल्याकडे संधीत याच्या उलट घडतं: पुढे मृदू ‘ज’ आला की ‘अप्’ म्हणजे पाणी, यातला ‘प’ मऊ होतो आणि ‘अब्ज’, म्हणजे कमळ, हा शब्द तयार होतो.