कासला नेण्याआधी डीएसएलआर असा पारखा

गणपती बसले की आमच्या कॉलनीतलं कुणीतरी विचारतंच, "मॅडम, डीएसएलआर कॅमेरा कॅनन घेऊ की निकॉन?" यवतेश्वरचा घाट चढला की कासचं फुलांचं पठार, त्यामुळे साताऱ्यात दर वर्षी नवे फोटोग्राफर उगवतात. मी उलट विचारते, "चष्मा आहे का? आणि गुडघे कसे आहेत?"

मेगापिक्सलचं कौतुक सोडा. कॅनन १५००डी काय नि निकॉन डी५६०० काय, दोन्ही २४ च्या आसपास. कॅमेरा काय करत नाही, ते दुकानात उभं असतानाच कळायला हवं. माहितीपत्रकात ते कुणी छापत नाही.

आधी चष्मा. व्ह्यूफाइंडरच्या, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीच्या, कडेला डायॉप्टरचं (नंबर जुळवायचं) इवलंसं चाक असतं. नंबर फार नसेल, तर ते फिरवलं की चष्मा काढूनही चित्र स्पष्ट दिसतं. कॅनन ३०००डीला हे चाकच नाही. शिवाय लेन्स जिथे बसते तो माउंट प्लॅस्टिकचा, आणि सेन्सरवरची (चित्र टिपणाऱ्या चकतीवरची) धूळ झटकायची सोयही काढून टाकलेली. स्वस्ताई आली ती अशी.

आता गुडघे. कासची फुलं, म्हणजे सीतेची आसवं आणि गेंद, जेमतेम वीतभर उंच, तेही ओल्या कातळावर. डोळा व्ह्यूफाइंडरला लावायचा तर पालथं पडावं लागतं. मग पोटाखाली चार फुलं चिरडतात, ती वेगळीच. (हे पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे. फुलांत शिरलात तर ओरडा खाल, आणि खायलाच हवा.) म्हणून बाहेर काढून फिरवता येणारा स्क्रीन मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १५००डी आणि निकॉन डी३५०० चा स्क्रीन जागच्या जागी खिळलेला. कॅनन २००डी मार्क टू आणि डी५६०० चा फिरतो.

पण नुसता फिरून भागत नाही. स्क्रीनवर बघून फोकस करताना डी५६०० ची लेन्स पुढे-मागे चाचपडते. २००डी मार्क टू मध्ये सेन्सरचे पिक्सेलच फोकसचं काम करतात, त्यामुळे तो पटकन बसतो. वाऱ्यावर डुलणाऱ्या कवल्याच्या फुलासमोर हा फरक जीव खातो. दुकानात स्क्रीन बाहेर काढा, कॅमेरा गुडघ्याशी धरा, काउंटरवरच्या पेनच्या टोकावर फोकस करा आणि मनात एक-दोन-तीन मोजा.

याच कारणाने मी २००डी मार्क टू घेतला आणि घरी येऊन फसले. माझा जुना साधा फ्लॅश ट्रिगर (दूर ठेवलेला फ्लॅश पेटवणारी डबी) हॉट शूवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत, नीट बसला, पण फ्लॅश काही पेटेना. दोनदा सेल बदलले. मग चष्मा लावून शूकडे पाहिलं, तर मधला मोठा टिकलीएवढा संपर्कबिंदूच गायब! कॅननचे स्वतःचे फ्लॅश बाजूच्या बारीक बिंदूंवरून बोलतात, साधे ट्रिगर मात्र मधल्यावरच चालतात. ३०००डीचीही तीच गत. तेव्हा घरात जो फ्लॅश असेल तो पिशवीत घालूनच दुकानात जा.

लेन्सचंही तेच. कुणाकडे निकॉनची जुनी ५० एमएम डी लेन्स पडून असेल, तर ती डी३५०० किंवा डी५६०० वर आपोआप फोकस होणार नाही. या बॉडीत, म्हणजे नुसत्या कॅमेऱ्यात, फोकस फिरवणारी मोटर नाही आणि लेन्समध्येही नाही. डी७२०० किंवा डी७५०० मध्ये मोटर आहे. कॅननने १९८७ साली ईएफ माउंट काढला तेव्हाच मोटर लेन्समध्ये बसवली, म्हणून तिकडे ही भानगड नाही.

अगदी जवळून फोटो काढायची मॅक्रो लेन्स परवडत नाही म्हणून लोक एक्स्टेंशन ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसणारी नळी, घेतात. मीही घेतली. आतून पोकळ, बिनबिंदूंची, स्वस्त. ती कॅननवर लावली की लेन्सचं अ‍ॅपर्चर (उजेड आत येण्याचं भोक) पूर्ण उघडं राहतं, आणि फुलाची एक पाकळी स्पष्ट, बाकी धुकं. निकॉनच्या जी लेन्सवर नेमकं उलटं होतं, अ‍ॅपर्चर मिटून बसतं आणि व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार. डी लेन्सला अ‍ॅपर्चरची रिंग असते, ती हाताने फिरवता येते. पण डी३५०० नि डी५६०० चा उजेड मोजणारा मीटर तेव्हा चालत नाही. एम मोडवर (सगळं हाताने ठरवून) फोटो काढायचा, हिस्टोग्राम म्हणजे उजेडाचा आलेख बघायचा, पुन्हा काढायचा. हौस असेल तर करा. मी नंतर संपर्कबिंदू असलेली ट्यूब घेतली.

वापरलेली बॉडी घेत असाल तर निकॉनवर एक जेपीजी काढून आणा, त्याच्या माहितीत शटर (सेन्सरपुढचा पडदा) किती वेळा पडलं तो आकडा सापडतो. डी३५०० चं शटर १ लाख क्लिकपर्यंत तपासलेलं असतं. कॅननच्या या वर्गातल्या बॉडी तो आकडा फोटोत लिहीत नाहीत, तिथे विकणाऱ्याच्या शब्दावर भिस्त. लग्नाच्या ऑर्डरी केलेली असेल तर भाव पाडूनच मागा.

जुन्या लेन्समधून मोबाइलचा टॉर्च आरपार मारून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या, तर ती बुरशी. माझी एक लेन्स अशीच गेली. पावसाळाभर चामडी केसमध्ये, कपाटात, साड्यांखाली. आता घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या खड्यांबरोबर ठेवते. निळे खडे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परततात. त्या तव्यावर पोळ्या करायच्या नाहीत, एवढं लक्षात ठेवा.